खान्देशात रीफ टँक बदलताना: आधी पाणी, मग काच

नवा रीफ टँक, म्हणजे खाऱ्या पाण्यातले मासे आणि जिवंत कोरल (प्रवाळ) ठेवायचा काचेचा टँक, घरात आला की सगळ्यांना घाई सुटते, काच चमकत असते, लाइट लावून बघायचा असतो आणि जुन्यातले मासे-कोरल कधी एकदाचे त्यात सोडतो असं होतं. पण जरा दम धरा. टँक बदलताना जे जीव जातात ना, ते बहुतेक वेळा दोनच कारणांनी जातात: तयार खारं पाणी कमी पडलं, नाहीतर जुनी वाळू ढवळली गेली. या दोन गोष्टी नीट सांभाळल्या तर बाकीचं काम मेहनतीचं आहे पण अवघड नाही.

आपल्याकडे म्हणजे जळगाव, भुसावळ, धुळे, नंदुरबार, शहादा, कुठेही असा, समुद्र लांब आहे. मुंबईवाल्याला मीठ कमी पडलं तर तो संध्याकाळी जाऊन घेऊन येतो, आपल्याला कुरिअरची वाट बघत बसावं लागतं. त्यामुळे मीठ, कार्बन, टेस्ट किट, बॅक्टेरियाची बाटली, एक जास्तीचा हीटर हे सगळं हातात आल्याशिवाय तारीखच ठरवायची नाही. "निघालंय, परवा येईल" यावर भरवसा ठेवून जुना टँक उघडू नका.

महिना कोणता ते पण सांगतो. एप्रिल-मे नको म्हणजे नकोच. भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो, हलवताना मासे-कोरल ज्या टबांत ठेवतो त्यातलं पाणी दुपारपर्यंत ३२-३३ होतं आणि गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, तिथेच मासे गळून जातात. दिवाळीनंतर ते फेब्रुवारी हा काळ बरा, फक्त थंडीत रात्री आपल्याकडे पारा १० च्या खाली पण येतो, म्हणून टबांना हीटर लागतोच. उन्हाळ्यात टँक फुटला किंवा गळायला लागला आणि पर्यायच नसला तर एसी किंवा कूलरच्या खोलीत काम करा, आणि पहाटे सुरू करा.

आता पाण्याचा हिशोब. समजा जुना टँक ३ बाय दीड बाय दीड फुटाचा आहे, म्हणजे काठोकाठ साधारण १९० लिटर. नवा ४ बाय २ बाय २, म्हणजे ४५० लिटर. जुन्यातून स्वच्छ म्हणावं असं पाणी फार तर १२० लिटर निघतं, तळाचं गढूळ पाणी फेकायचंच असतं. दगड जागा घेतात, वर थोडी काच रिकामी राहते, खाली संप (फिल्टरची टाकी) असला तर त्याचं पाणी वाढतं, असं सगळं धरून ३०० लिटर नवीन खारं पाणी लागेल आणि वर ५० लिटर राखीव. ते राखीव पाणी अजिबात वगळू नका, दोन दिवसांनी अमोनिया (विष्ठा आणि कुजण्यातून होणारं विष) दिसला तर तेच कामाला येतं. रीफचं मीठ लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम लागतं, कंपनीनुसार फरक पडतो, पाकिटावर लिहिलेलं असतं. म्हणजे ३५० लिटरला १३ किलो धरून चला. मीठ एकाच कंपनीचं, आत्ता वापरताय तेच ठेवा, टँक आणि मीठ दोन्ही एकदम बदलायची ही वेळ नाही.

पाणी आरओ-डीआयचंच, म्हणजे आरओनंतर डीआय रेझिनमधून गाळलेलं, आणि टीडीएस (विरघळलेले क्षार) मीटरवर शून्य दाखवणारं. आपलं बोअरचं पाणी जड, हे बादलीला आणि नळाला बसलेल्या पांढऱ्या थराकडे बघितलं तरी कळतं, आणि नगरपालिकेच्या पाण्यात क्लोरीन असतं. आता इथे एक गोष्ट नीट वाचा. घरातल्या पिण्याच्या आरओचं पाणी तसंच वापरू नका. त्यात बऱ्याचदा चवीसाठी टीडीएस कंट्रोलर असतो जो थोडं कच्चं पाणी परत मिसळतो, मिनरल कार्ट्रिज असतं, आणि आजकाल तर तांब्याचं कार्ट्रिज असलेले आरओ घरोघरी आलेत. तांबं कोरल, कोळंबी, गोगलगाय यांना विष आहे, अगदी थोडं असलं तरी. मेकॅनिकला सांगून मेंब्रेननंतर लगेच टी (तीन तोंडांचा जोड) काढून घ्या, तिथून पाणी डीआय रेझिनमधून सोडा. मेंब्रेन ७५ जीपीडीचा (दिवसाला ७५ गॅलन) असला तरी दिवसाला २८० लिटर हे कागदावरचं, प्रेशर कमी आणि नळाला रोज पाणी नाही म्हटल्यावर त्याच्या निम्मं पण निघत नाही, म्हणून आठवडाभर आधीपासून साठवायला लागा. आरओचं वाया जाणारं पाणी फरशीला, संडासात वापरता येतं, गटारीत सोडू नका.

साठवायचे ड्रम कुठले? आपल्याकडे निळे ड्रम ढिगाने मिळतात, केळीच्या बागांतून, ड्रिपच्या खताचे, औषधाचे. कितीही धुतले तरी ते घेऊ नका, खताचं फॉस्फेट आणि बुरशीनाशकातलं तांबं जातच नाही. नवीन पाण्याची टाकी नाहीतर नवे फूड ग्रेड ड्रम आणा. रिकाम्या ड्रममध्ये आधी पाणी, मग मीठ, थोडं थोडं करत, खाली पंप चालू. उलटं केलं, म्हणजे मिठावर पाणी ओतलं, तर कॅल्शियमचा पांढरा साका बसतो आणि पाणी वाया जातं. २४ तास फिरू द्या, तापमान २५-२६ वर आणा, मग मोजा. सॅलिनिटी (खारटपणा) १.०२५ ते १.०२६, म्हणजे ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग). रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं यंत्र) आधी ३५ पीपीटीच्या कॅलिब्रेशन सोल्यूशनने जुळवून घ्या, साध्या पाण्याने शून्यावर आणला म्हणजे वरचा आकडा बरोबर येतोच असं नाही. अल्कलिनिटी पण मोजा, जुन्या टँकला ८ डीकेएच असेल आणि नवीन मिठाचं पाणी ११-१२ निघालं तर एसपीएस (बारीक पॉलिपच्या दगडी) कोरलची टोकं जळतात, जुनं पाणी जास्त मिसळून तो फरक कमी करा.

कोणी म्हणेल, आपली तापी सुरतेजवळ समुद्राला मिळते, तिथूनच कॅन भरून आणू. नका आणू. खंबातच्या आखाताचं पाणी गाळाचं, नद्यांचं गोडं पाणी मिसळलेलं, वर बंदर आणि कारखाने. रीफला ते चालत नाही. आणि विषय निघालाच आहे तर, किनाऱ्यावरून तोडलेलं कोरल किंवा जिवंत दगड (बॅक्टेरिया आणि बारीक जीव बसलेले दगड) कोणी स्वस्तात देत असेल तर हात लावू नका, दगडी कोरल २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. आयात केलेले, टँकमध्ये वाढवलेले फ्रॅग, म्हणजे कोरलचे तुकडेच घ्या आणि बिलं जपून ठेवा.

नवी काच. ४ बाय २ बाय २ ला १२ एमएम जाडीच्या खाली जाऊ नका, सिलिकॉन अ‍ॅक्वेरियमचं, बुरशीविरोधी औषध मिसळलेलं बाथरूमचं नाही. बनवून घेतला असेल तर सिलिकॉनला आठवडाभर वाळू द्या. मग साध्या पाण्याने पूर्ण भरून दोन-तीन दिवस ठेवा, खाली कडेने कोरडा पेपर पसरा, एक थेंब पडला तरी पेपरवर डाग दिसतो. भरलेल्या टँकचं वजन दगड, काच, स्टँड धरून ६०० किलोच्या वर जातं, त्यामुळे वरच्या मजल्यावर असाल तर भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा, स्लॅबच्या मधोमध नको. स्टँड चारी बाजूंनी लेव्हलमध्ये हवा. लोखंडी अँगलचा असेल तर पावडर कोटिंग करून घ्या, खाऱ्या पाण्यात साधा रंग टिकत नाही. पाइपिंगचं मात्र आपल्याला सुख आहे, जळगाव म्हणजे पीव्हीसी पाइपाचंच गाव, युनियन (खोलता येणारा जोड), बॉल व्हॉल्व्ह, टँक कनेक्टर सगळं मिळतं. प्रत्येक पंपाच्या पुढेमागे युनियन टाका, पुढे साफसफाईला सोपं जातं.

जमलं तर नवा टँक वेगळ्या जागी लावा. जुना चालू असतानाच नवा भरून, पंप-हीटर फिरवून, तापमान स्थिर करून ठेवता येतं आणि मग हलवणं हे फक्त दोन तासांचं काम राहतं. त्याच जागी ठेवायचा असेल तर सगळे जीव अर्धा दिवस टबात राहणार, त्याची तयारी वेगळी लागते, टब जास्त, पंप जास्त, माणसं जास्त.

आता वाळू. हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. जुन्या टँकच्या काचेला डोळा लावून वाळूचा थर बाजूने बघा. वरचा भाग पांढरा, खाली करडा आणि कोपऱ्यात, दगडाच्या बुडाशी काळे पट्टे. ते काळं म्हणजे ऑक्सिजन न पोचलेला थर, त्यात हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू असतो, बोट घालून बाहेर काढलं तर सडक्या अंड्याचा वास येतो. शिवाय वर्षानुवर्षांची विष्ठा, उरलेलं खाणं सगळं त्यातच. ही वाळू पाण्यात मासे असताना ढवळली की अमोनिया आणि सल्फाइड एकदम सुटतं आणि तासाभरात मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतात. ओळखीतल्या एकांनी "बॅक्टेरिया वाया जातील" म्हणून जुनी वाळू तशीच नव्या टँकमध्ये ओतली होती, दुसऱ्या दिवशी सकाळी टँग मासा आणि दोन्ही डॅमसेल मासे गेलेले होते. अमोनिया खाणारे बॅक्टेरिया मुख्यतः दगडात असतात हो, दगड ओले आणि जिवंत ठेवले की तुमचं फिल्टर तुमच्यासोबत येतं. म्हणून नवी अ‍ॅरागोनाइट वाळू घ्या, दोन-तीन सेंटिमीटरचा थर पुरतो, पाणी निवळ येईपर्यंत धुवा. जुन्या वाळूतली वरची, पांढरी, किडे-वर्म असलेली एक वाटी घ्या, खाऱ्या पाण्यात हलकी खंगाळा आणि नव्या वाळूवर पसरा, तेवढं बीज बस झालं.

आणि गिरणेची किंवा तापीची वाळू नको, कितीही चाळली-धुतली तरी. ती बांधकामाची. आपल्याकडचा खडक बेसाल्ट, त्या वाळूत काळे कण असतात जे चुंबकाला चिकटतात, मग काच पुसायचा मॅग्नेट फिरवला की तेच कण अडकून नव्या काचेवर ओरखडे पडतात. वर ती अ‍ॅरागोनाइटसारखी चुन्याची नाही, त्यामुळे रीफला तिचा काही फायदाही नाही.

हलवायच्या दिवशी

आदल्या दिवसापासून खाणं बंद. दोन माणसं मदतीला हवीत, एक ओला आणि एक कोरडा, म्हणजे स्विच, फोन, टॉवेल हे सगळं कोरडा माणूस बघणार. हातांना साबण, क्रीम, तेल काही नको. खोलीत त्या दिवशी आणि आदल्या रात्री मच्छरचं लिक्विड, अगरबत्ती, फवारणी काही नको, त्यातलं औषध पाण्यात उतरतं आणि कोळंबी-खेकडे पहिले जातात. लाइट जाईल असं धरूनच चला, इन्व्हर्टरवर दोन पंप आणि सेलवर चालणारे एअर पंप तयार ठेवा. मेंटेनन्ससाठी आठवड्यातून एक दिवस लाइट बंद राहते, तो वार तर टाळाच.

सुरुवातीला हीटरचा प्लग काढा, दहा-पंधरा मिनिटं पाण्यात थंड होऊ द्या, गरम हीटर हवेत उघडा पडला की त्याची काच फुटते. मग पंप बंद, लाइट बंद. वरचं स्वच्छ पाणी सायफनने टबात घ्या, नळीचं तोंड वाळूपासून वरच धरा. हे पाणी कोरल, दगड आणि माशांच्या टबांमध्ये वाटायचं.

पहिले कोरल. झोआ आणि पॅलीथोआ (बटणासारखे मऊ कोरल) असतील तर हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घालूनच हात लावा, यांच्यात पॅलीटॉक्सिन हे जबर विष असू शकतं, जखमेतून किंवा डोळ्यात उडून गेलं तर दवाखान्यात जावं लागतं. असे दगड कधी ब्रशने घासू नका, गरम पाण्यात तर अजिबात टाकू नका, वाफेतून सुद्धा माणसं आजारी पडलेली आहेत. लहान पोरांना त्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसवा.

टॉर्च, हॅमर, ब्रेन असले मांसल कोरल फुललेले असताना पाण्याबाहेर ओढू नका. वर लांब मऊ बोटं, खाली दगडी सांगाडा, पाण्याबाहेर आलं की बोटांचं वजन सांगाड्याच्या धारेवर येतं आणि मांस फाटतं, आणि फाटलेल्या जागेतूनच पुढे सड लागते. त्याऐवजी लाइट बंद केल्यावर हाताने त्याच्यावर हलकं पाणी ढकला, हळूहळू बोटं आखडायला लागतील, टोकं आत जातील, दहा-पंधरा मिनिटांत फक्त सांगाड्याच्या तोंडाशी एक फुगवटा राहील. तेव्हा सांगाडा खालून धरा, पाण्याखालीच प्लॅस्टिकच्या डब्यात बसवा आणि डब्यासकट उचला. टबात टॉर्च-हॅमर दुसऱ्या कोरलला चिकटू देऊ नका, रात्रीतून भाजून काढतात एकमेकांना. लेदर आणि मशरूम या मऊ कोरलना शक्यतो वेगळा टब, ते त्रासले की पाण्यात रसायनं सोडतात.

अ‍ॅनिमोनी (कोरलसारखाच बोटं असलेला मऊ जीव) दगडाला धरून बसली असेल तर तिला सोडवायच्या भानगडीत पडू नका, दगडासकट न्या. काचेवर असेल तर पायाच्या कडेला नखाने, बोटाने हलकं हलकं सरकवत जा, जोर लावून ओढलं तर पाय फाटतो. नव्या टँकमध्ये ती जागा शोधत फिरणार, तोवर वेव्हमेकरना (पाणी फिरवणाऱ्या पंपांना) जाळी लावा.

मग दगड. प्रत्येक दगड बाहेर काढताना जुन्याच पाण्याच्या बादलीत दोन-तीनदा जोरात हलवा, आतला गाळ भसाभस बाहेर येतो, तो नव्या टँकमध्ये जायला नको. मग पंप आणि हीटर असलेल्या टबात, पूर्ण बुडवून. उघडे ठेवले तर आतले स्पंज (हे जिवंत प्राणी असतात) मरतात आणि तेच पुढे अमोनिया करतात. काढायच्या आधी मोबाइलवर फोटो घ्या, कुठला दगड कुठे होता ते नंतर आठवत नाही.

मासे सगळ्यात शेवटी. दगड भरलेल्या टँकमध्ये जाळी घेऊन मागे धावलं की मासा दमतो आणि तुम्हीही. दगड गेले आणि पाणी १५-२० सेंटिमीटरवर आलं की पाच मिनिटांत सगळे हाती लागतात. टँगच्या शेपटीजवळ धारदार काटा असतो, जाळीत अडकतो, म्हणून जाळीने हाकत डब्यात घ्या आणि डबा उचला. रॅस मासे वाळूत घुसून बसतात, मोजून बघा, एक कमी भरला तर वाळूत हळूच चाचपा. माशांना थर्माकोलचे डबे चांगले, मेडिकलवाल्यांकडे औषधांचे येतात ते मागून घ्या, थंडी आणि ऊन दोन्ही अडवतात. झाकण ठेवा, घाबरलेले मासे उडी मारतात. भांडखोर डॅमसेल वेगळा.

आता कुठे वाळूला हात लावायचा, आणि तळचं पाणी सरळ फेकायचं.

नव्या टँकमध्ये आधी दगड थेट काचेच्या तळावर, मग भोवती वाळू, नाहीतर गोबी-कोळंबीने खाली उकरलं की दगड कोसळतो. वाळूवर ताटली ठेवून तिच्यावर पाणी ओता. पंप, हीटर, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) सुरू करा, कार्बनची पिशवी लावा, बॅक्टेरियाची बाटली टाका, सगळ्या वायरींना सॉकेटच्या खाली झोळ द्या म्हणजे थेंब प्लगमध्ये जाणार नाही, आणि लाइनला आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) हवाच. पाणी थोडं गढूळ दिसेल, नव्या वाळूचं आहे, एक-दोन दिवसांत बसतं. टबातलं आणि टँकमधलं तापमान, सॅलिनिटी मोजा, फरक असला तर तासभर थेंब थेंब पाणी टबात सोडून जुळवा. आधी कोरल, खालच्या भागात, मग शांत मासे, भांडखोर शेवटी. त्या रात्री लाइट बंदच.

पुढचा आठवडाभर रोज अमोनिया तपासा. ०.२५ पीपीएम दिसला की राखीव पाण्यातून १० टक्के बदला. स्किमर दोन-चार दिवस वेड्यासारखा फेस काढेल, कप खाली करत रहा, सेटिंगशी खेळू नका. लाइट अर्ध्या पॉवरवर सुरू करून दोन आठवड्यांत वाढवा, नवं पाणी आणि नवी काच स्वच्छ असल्यामुळे तोच लाइट कोरलला जास्त लागतो. दोन-तीन आठवड्यांत वाळूवर तपकिरी थर येईल, तो डायटम या सूक्ष्म शेवाळाचा, आपोआप जातो.

दोन गोष्टी लोक हमखास विचारतात. एक, टँक दुप्पट झाला तर डोसिंग (कॅल्शियम-अल्कलिनिटीची रोजची भर) पण दुप्पट करायचं का? नाही. कॅल्शियम-अल्कलिनिटी कोरल खातात, काच नाही. कोरल तेच आहेत, डोस तोच, आणि त्रासलेले असताना ते कमीच खातात, म्हणून रोज अल्कलिनिटी मोजून ठरवा. दुसरं, पाणी आटण्याचं. आपल्या कोरड्या हवेत मोठ्या टँकचं पाणी झपाट्याने उडतं, उन्हाळ्यात पंखा लावला की अजूनच. उडतं ते गोडं पाणी, मीठ मागे राहतं, म्हणून भर नेहमी आरओ-डीआयचीच, खाऱ्या पाण्याची नाही, आणि ऑटो टॉप-अप (आटलेलं पाणी आपोआप भरणारं यंत्र) लावून टाकला तर उत्तम.

जुना टँक लगेच विकू नका. महिनाभर चालू स्थितीत, हीटर आणि स्पंज फिल्टर लावून बाजूला ठेवा. नव्या टँकमध्ये कोणाला पांढरे ठिपके आले किंवा भांडणात मार लागला तर त्याला ठेवायला जागा लागते, आणि पुढचा नवा मासा पार्सलने आला की त्याचं क्वारंटाइन पण तिथेच करता येतं.